नकाशावरील ठिपका

व्यंकोजीराजांच्या तंजावरजवळ, कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम हे गाव आहे. तंजावरच्या हवाई तळावर जानेवारी २०२० मध्ये भारतीय वायुसेनेचे सुखोई-३० लढाऊ विमानांचे २२२ वे पथक दाखल झाले. अशा विमानांचे वैमानिक जमिनीवर सिम्युलेटर या यंत्रातही सराव करतात. त्यातील नकाशावर दूरचे विमान ठिपक्याच्या रूपाने दिसते. हा ठिपका कसा उमटतो?

पापनाशमवरून एक विमान चालले आहे आणि रडार त्यापासून ३० किलोमीटर दूर आहे, असे समजू. रडारच्या रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. विमानावर आदळून त्या सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात परततात. लागलेल्या वेळावरून अंतर कळते, आकाशकाच्या रोखावरून दिशा कळते. सिम्युलेटरमध्ये लहरी नसतात. विमान झोताच्या टप्प्यात आहे काय, ते पृथ्वीच्या गोलाईआड दडले आहे काय, हे गणकयंत्र हिशेबाने ठरविते आणि मगच ठिपका दाखविते.

झोत आकाशाचा एकेक भाग चाळीत फिरतो. तो परत येईपर्यंत ठिपक्याचे स्थान अनुमानाने पुढे सरकविले जाते. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान १० सेकंदांत अडीच किलोमीटर जाते. तेवढ्यात ते वळले, तर ठिपका एकीकडे व विमान दुसरीकडे! रडारशी काटकोनात उडणारे विमान तर जमिनीच्या प्रतिध्वनींत हरवूनही जाते. म्हणून नकाशा रिकामा दिसला तरी आकाश रिकामे आहे असे वैमानिकाने मानू नये. सिम्युलेटरमध्ये ही चूक प्राणावर बेतत नाही; आकाशात ती बेतू शकते.