बाद होण्याच्या खेळात टिकायचं कसं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि चहा यायच्या आत आमच्यातली एक वहिनी रडायलाच लागली. तिचा मुलगा सातवीत आहे. आदल्या रात्री तिनं त्याला जेवायला तीनदा हाक मारली, तो उठला नाही. चौथ्यांदा तिनं त्याच्या हातातला मोबाईल ओढून घेतला. पोरगं उपाशी झोपलं आणि सकाळी डबा न घेता शाळेत गेलं. जाताना एवढंच म्हणालं, "आई, शेवटचे तीन उरले होते. त्यात मी होतो."

तीन कोण? उरले कशातून? वहिनीला काही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही कळलं नाही. मग आम्ही चौघींनी ठरवलं, की रागावण्याआधी हा खेळ एकदा खेळून बघायचा. शेजारच्या बारावीतल्या मुलीला गुरू केलं. पंधरा दिवस रोज रात्री भांडी झाल्यावर अर्धा तास बसलो. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

खेळाचं नाव स्टंबल गाइज. साध्या मोबाईलवर चालतो, फुकट उतरवता येतो, म्हणून गावोगावी पोहोचला आहे. तो फिनलंडमधल्या किटका गेम्स या छोट्या कंपनीनं बनवला. त्याआधी, ऑगस्ट 2020 मध्ये, लंडनच्या मीडियाटॉनिक कंपनीनं फॉल गाइज नावाचा असाच खेळ कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशनवर आणला होता. त्यात एका वेळी 60 जण पळायचे. आणि या सगळ्याचं मूळ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. 'ताकेशीज कॅसल' आठवतं? चिखलात धपाधप पडणारी ती जपानी माणसं आणि जावेद जाफरीचं हिंदीतलं बोलणं? जपानात तो कार्यक्रम 1986 ते 1990 या काळात चालला, आपल्याकडे पोगोवर फार नंतर आला. फॉल गाइजवाल्यांनी त्यावरूनच कल्पना घेतली. म्हणजे पोरं आज अंगठ्यानं खेळतात ते आपण कधीतरी पोट धरून हसत बघितलेलंच आहे.

आता डाव कसा चालतो ते बघू. एका डावात 32 भिडू. जगात कुठे कुठे बसलेली खरी माणसं, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. पहिल्या फेरीनंतर 16 उरतात, दुसऱ्या फेरीनंतर 8, आणि तिसऱ्या फेरीत एकच जिंकतो. संगीत खुर्चीच म्हणा ना, फक्त इथे एकेक खुर्ची न काढता अर्ध्या खुर्च्या एकदम काढतात. अख्खा डाव साधारण पाच-सहा मिनिटांचा. फेऱ्या वेगवेगळ्या येतात. काही फेऱ्या शर्यतीच्या असतात, अडथळे ओलांडून पलीकडे पोहोचायचं. कधी दोन संघ करून चेंडू ढकलायचा. आणि काही फेऱ्या असतात नुसत्या टिकून राहण्याच्या. कुठे पोहोचायचं नसतं, फक्त खाली पडायचं नसतं. पोरं सगळ्यात जास्त चिडतात ती याच फेऱ्यांत, म्हणून आम्ही त्यांच्यावरच जास्त वेळ घालवला.

एक गोष्ट पहिल्याच रात्री कळली आणि बरंच कोडं सुटलं. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. पत्त्यांचा डाव पालथा घालून आपण गॅस बंद करून येतो, तसं इथे चालत नाही. बाकीची 31 माणसं खेळतच असतात. तुम्ही मोबाईल खाली ठेवलात की तुमचं बाहुलं उभंच राहतं आणि ढकललं जातं. म्हणजे "आलो, एक मिनिट" असं पोरगं म्हणतं तेव्हा ते दर वेळी टाळत असतंच असं नाही.

शिकताना आम्ही किती वेळा पडलो ते विचारू नका. आमच्यातल्या एका मावशींचं बाहुलं पहिल्या रात्री सुरुवातीच्या रेषेवरूनच मागच्या मागे खाली गेलं. डाव्या अंगठ्यानं गोल फिरवून चालवायचं, उजव्या अंगठ्यानं उडी मारायची. हवेत असताना उडीचं बटण परत दाबलं की बाहुलं पुढे सूर मारतं. पडदा बोटानं सरकवला की आजूबाजूचं दिसतं. शिकवणारी मुलगी सारखी म्हणायची, "काकू, बटण बडवू नका. एकदाच दाबा." घाबरलं की माणूस बडवतंच. आणि सूर मारल्यावर बाहुल्याला उठून उभं राहायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पुढचा धक्का येतो. शर्यतीत शेवटच्या पावलाला सूर कामाला येतो. टिकून राहायच्या फेरीत तो बहुतेक वेळा आपल्यालाच बुडवतो.

पहिल्या फेरीत सगळे पहिलं यायला धावतात. गंमत अशी, की पहिला येऊन जास्तीचं काहीच मिळत नाही. सोळावा आला तरी तो पुढे जातो. म्हणजे पहिलं यायची गरज नाही, फक्त सतरावं यायचं नाही. हे उमगल्यावर आमचं पडणं निम्म्यावर आलं. सुरुवातीच्या झुंबडीत न शिरता दोन श्वास मागे थांबायचं, गर्दी एकमेकांना धडकून पडली की कडेनं निघायचं. एसटीत चढताना आपण दाराच्या मधोमध घुसतो की दांडी धरून कडेनं? तसंच.

टिकून राहायच्या फेऱ्यांपैकी मुलांची लाडकी फेरी म्हणजे ब्लॉक डॅश. एक चौथरा असतो. त्यावर ठोकळ्यांच्या भिंती सरकत येतात. भिंतीत कुठे खिंड असते, कुठे ठेंगणा ठोकळा असतो. खिंडीतून निघायचं किंवा ठेंगण्या ठोकळ्यावर उडी मारून पलीकडे जायचं. नाही जमलं तर भिंत तुम्हाला ढकलत ढकलत कडेवरून खाली टाकते. भिंती पुढे पुढे वेगानं येतात.

इथे नवखा माणूस आपल्या बाहुल्याकडे बघतो. तिथेच चुकतं. बाहुल्याकडे बघायचंच नाही, येणाऱ्या भिंतीकडे बघायचं. ती लांब असतानाच खिंड हेरायची. उभं राहायचं ते मध्याच्या आसपास, म्हणजे भिंत कुठल्याही बाजूनं आली तरी मागे दोन पावलं जागा राहते. दुसरी गोष्ट आम्हाला त्या मुलीनं सांगितली नव्हती, ती आमची आम्हाला सापडली. सगळे ज्या खिंडीकडे पळतात तिकडे आपण जायचं नाही. दोन खिंडी असतील तर लांबची, रिकामी घ्यायची. भिंतीनं मेलेले कमी, एकमेकांच्या धक्क्यानं मेलेले जास्त, असं आम्हाला तरी दिसलं.

लेझर ट्रेसर नावाच्या फेरीत लेझरच्या रेघा फिरत येतात, त्या चुकवायच्या. तिथे उडीची लय लागते आणि लयच घात करते. दोरीवरच्या उड्यांत दोरी फिरवणारी मध्येच वेग बदलते आणि आपला पाय अडकतो, तसं. दर रेघ बघून उडायचं. सवयीनं नाही.

हनी ड्रॉप या फेरीवर मात्र आमचा जीव जडला. मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या फरश्या असतात आणि असे मजले एकाखाली एक रचलेले असतात. फरशीवर पाय पडला की ती क्षणात खाली जाते. उभं राहिलात तर पडलात. पळत सुटलात तर पायाखालचंच मैदान खाऊन टाकलंत. सगळ्यात खालच्या मजल्याखाली गेलात की बाद.

पहिल्या चार रात्री आम्ही पळतच होतो. वीस सेकंदांत वरचा मजला संपवून खाली धबाधबा पडायचो. मग कळलं, की इथे पळणारा हरतो आणि जपून वापरणारा जिंकतो. एका फरशीवरून शेजारच्याच फरशीवर छोटी उडी मारायची, ती पडायला लागली की लगेच पुढची उडी. पळताना माणूस जितक्या वेळात पाच-सहा फरश्या संपवतं, तितक्या वेळात उड्या मारत दोन-तीनच जातात. कडेचा एक तुकडा धरायचा, त्यातच आत-बाहेर न भटकता ओळीनं जायचं. मध्येच भोक पाडून ठेवलं तर परत येताना आपणच त्यात पडतो. आणि वरच्या मजल्यावर राहता येईल तितकं राहायचं, कारण खाली गेलेले तिथल्या फरश्या संपवतच असतात. आमच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे दुष्काळात हौदाचं पाणी वापरतो तसं." हो, अगदी तसंच. ते ऐकल्यावर आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

खाली पडताना मात्र घाबरायचं नाही. खालच्या मजल्यावर पाय टेकला की लगेच उडी. पडल्याचं दुःख करत तिथेच थांबलं की तीही फरशी जाते.

आता एक अडचण, जिला शहरातल्या पोरांना तोंड द्यावं लागत नाही. आपलं नेटवर्क. कोण कुठे आहे हे खेळाचा दूरचा सर्व्हर ठरवतो आणि आपल्या मोबाईलला कळवतो. रेंज कमी असली की ते उशिरा कळतं. पडद्यावर समोरचा हातभर लांब दिसतो, खरा तो आपल्या अंगावर आलेला असतो. आपण वेळेवर उडी मारली असं आपल्याला दिसतं आणि तरी बाद होतो. वहिनीचा मुलगा माळवदावर जाऊन का खेळतो हे तेव्हा कळलं. तिला वाटत होतं, लपून काहीतरी बघतो. उपाय थोडेच आहेत. जिथे रेंज धरते तिथे बसायचं, मागे चालू असलेले व्हिडिओ आणि डाउनलोड बंद करायचे, आणि इतर भिडूंपासून चार पावलं लांब राहायचं. एवढं करूनही बाद झालं तर तो दोष अंगठ्याचा नाही. हे मुलाला कुणीतरी सांगायला हवं, कारण दहा-बारा वर्षांचं पोर सगळा दोष स्वतःवर घेतं आणि मग मोबाईल आपटतं.

पहिल्या फेरीत बाद होणं लागतं मनाला. आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायका, तरी चिडलो. एकीनं तर रात्री अकरापर्यंत "आता एकच डाव" करत मोबाईल सोडला नाही. डाव छोटा असतो, हरल्यावर पुढचा लगेच सुरू होतो, म्हणून उठवत नाही. "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटलं की भांडण होतं. त्यापेक्षा डाव सुरू व्हायच्या आधी सांगायचं, "हा झाला की जेवायला, दुसरा लावायचा नाही." पाच-सहा मिनिटं भाजी झाकून राहते. वहिनीनं हे करून बघितलं. पहिल्या दिवशी त्यानं दुसरा डाव लावलाच. तिसऱ्या दिवशी आला. रोज येतो असं नाही, पण परवा उलटंच झालं. वहिनीच हनी ड्रॉप खेळत होती, मुलगा शेजारी बसून "आई, कड धर, कड धर" सांगत होता, आणि तव्यावरची भाकरी करपली. तो म्हणाला, "आई, भाकरी!" ती म्हणाली, "थांब रे, चारच उरलेत."

पैशाचं बोलायचं राहिलं. खेळ फुकट आहे, पण आत हिरे विकत मिळतात आणि त्यांवर बाहुल्याचे नवे पोशाख. पोशाखानं बाहुलं जोरात पळत नाही, ते नुसतं मिरवणं. ठोसा मारून दुसऱ्याला ढकलण्यासारख्या काही करामती मात्र खेळात खरोखर उपयोगी पडतात, म्हणून मुलं त्यांच्यासाठी हट्ट धरतात. त्यांच्याशिवाय टिकता येतं, आम्ही टिकलो. पैसे लावून खेळायचे ते रमीसारखे खेळ वेगळे. तसल्या ऑनलाइन पैशाच्या खेळांवर केंद्र सरकारनं 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. दोन्ही एकच समजून मुलाला जुगारी म्हणू नका.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागावा अशी सोय असते, ती चालू करून ठेवा. ठसा मुलाचा नको, आपला. 'फुकट हिरे मिळतील, इथे दाबा' अशी लिंक कुणी पाठवली तर ती उघडायची नाही आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त.

हे सेटिंग जिला जमत नसेल तिनं येत्या बैठकीला मोबाईल घेऊन यावं. ती बारावीतली मुलगी येणार आहे, एकेकीचं करून देईल. तेवढा चार्ज करून आणा, समाजमंदिरात प्लग एकच आहे.