औषध आहे, पण हात पोचत नाही

मायबहिणींनो, दुखणे अंगावर काढण्याची आपली सवय जुनी आहे. तुरीची रास होऊ द्या, लेकीचे लग्न उरकू द्या, मग दाखवू, असे म्हणत आपण दिवस ढकलतो. छातीत गाठ हाताला लागली तरी सासूला सांगायची लाज आणि नवऱ्याला सांगायची भीती. शिवाय दुखत नाही म्हणजे गाठ साधीच, असा पक्का समज. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे ध्यानात ठेवा.

लवकर दाखवले तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांनी पुष्कळ बाया बऱ्या होतात. उशीर झाला आणि रोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात उतरला, तर तो मुळासकट काढणे अवघड. तरी तिथेही सारे संपत नाही. नव्या औषधांनी अशा कित्येक बाया काही वर्षे घरात हिंडत्याफिरत्या राहतात. अडते ते पैशापाशी. म्हणून विचारायचे, की बाईचा जीव वाचवायला घरच्यांनी जमीन विकावी, की हा भार सरकारने उचलावा?

मागितले म्हणून मिळाले

सगळ्यांचा कर्करोग एका जातीचा नसतो. साधारण पाचांत एकीच्या गाठीत ‘हर-टू’ नावाचे प्रथिन फार असते. त्यावर ‘ट्रॅस्टुझुमॅब’ हे इंजेक्शन आहे. ते बहुधा दर तीन आठवड्यांनी घ्यावे लागते. एके काळी आपल्या देशात त्याच्या एका कुपीला लाखाच्या वर रुपये पडत. २०१२ साली रुग्ण आणि महिला कार्यकर्त्या एकत्र आल्या. कल्याणी मेनन-सेन त्यांत पुढे होत्या. औषध स्वस्त करा, इतर कारखान्यांनाही बनवू द्या, अशी मागणी त्यांनी थेट पंतप्रधानांकडे केली. २०१३ साली रोश या स्विस कंपनीने भारतातला पेटंटचा हक्क सोडला. २०१४ च्या सुरुवातीला बंगळूरच्या बायोकॉनने तशाच औषधाची ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना बाजारात आणली. पुढे आणखी कारखाने उतरले आणि भाव आणखी खाली आला. २०१५ साली हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही बसले.

केरळातली बाई

हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगासाठी ‘रायबोसायक्लिब’च्या गोळ्या आहेत. २०२२ साली केरळातली एक रुग्ण बाई हायकोर्टात गेली. या एका औषधाला महिन्याकाठी सुमारे ५८ हजार रुपये लागतात, ते देशी कारखान्यांना बनवू द्यावे, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ती वारली. पण कोर्टाने तिचा प्रश्न तिच्याबरोबर मिटवला नाही, स्वतःहून पुढे चालवला. त्याच जातीच्या ‘पाल्बोसायक्लिब’चे पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि भाव झपाट्याने उतरले.

एकीचा भाव

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. एकट्याने दुधाची किटली घेऊन दारोदार फिरणाऱ्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो, गावाने मिळून डेअरी काढली की बोलता येते. औषधखरेदीचेही तसेच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांसाठी ४० औषधांचा भाव एकत्र ठरवला, तेव्हा खर्चात मोठी बचत झाली. सरकार तर सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. त्याने घाऊक घेऊन गरिबाला द्यावे, ही मागणी भीक नव्हे.

आपल्या हातात काय आहे?

राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आयुष्मान भारतशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. कर्करोगाचे उपचारही तिच्यात आहेत. मात्र प्रत्येक नवे औषध तिच्यात असेलच असे नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, की डॉक्टरांनी लिहिलेले औषध योजनेत बसते का. नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करण्याची वाट आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते.

जिल्ह्याबाहेर धावण्याआधी बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आठवा. देशातली ग्रामीण भागाची पहिली कर्करोग-नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. खेड्यातल्या बाईचे दुखणे तिथे वर्षानुवर्षे वहीत उतरले, म्हणून ते सरकारला दाखवता आले. मोजले नाही त्याला कोणी पैसे देत नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला हाही विषय घ्या. महिला बचत गटांनी तो मांडावा. कर्करोगाची नवी औषधे योजनेत घ्यावीत, असा ठराव करून आमदार, खासदार आणि आरोग्यमंत्र्यांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका. आणि ज्या बाईच्या हाताला आज गाठ लागली असेल, तिने सुगी संपायची वाट पाहू नये. उद्याच दवाखान्यात जावे.