आधी पिसवा, मग उंदीर

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातील मामला गावातून आलेली पहिली तक्रार तापाची नव्हती, पिसवांची होती. घरांत पिसवा फार झाल्या होत्या आणि त्याच सुमारास उंदीर मरून पडत होते. ऑगस्ट संपता संपता काहींना ताप भरला, जांघेत आणि काखेत दुखऱ्या गाठी आल्या. देशात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचला होता.

त्याआधी वर्षभर, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्याची झळ बीडमधील काही गावांनाही बसली. तडे गेलेली घरे सोडून लोक बाहेर राहायला गेले, धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. माणूस नाही, मांजर नाही आणि धान्य भरपूर, अशा घरांत उंदरांची संख्या वाढली, असे या साथीचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या वर्षी देशात ८७६ संशयित रुग्ण रक्तचाचणीत सकारात्मक आढळले. त्यांतील ५९६ महाराष्ट्रातील होते. देशभरात ५४ जण दगावले. हा प्लेगच होता का, यावर बराच वाद झाला, पण पुढे जनुकीय तपासणीतून प्लेगचे जीवाणू सिद्ध झाले.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो उंदीर मारण्याचा. तो बरोबर आहे, पण त्याची वेळ चुकली तर घात होतो. प्लेगचा जीवाणू उंदरात असतो आणि तो माणसापर्यंत पोचतो मुख्यतः पिसूमुळे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत हे प्रयोगाने दाखवले. पिसू उंदराच्या रक्तावर जगते. उंदीर मेला, अंग गार पडले की ती त्याला सोडते आणि दुसरे ऊबदार अंग शोधते. जवळ दुसरा उंदीर नसेल तर घरातला माणूस असतो. म्हणून प्लेगची शंका असलेल्या गावात सरसकट विष घातले तर उंदीर कमी होतील, पण उपाशी पिसवा घरभर पसरतील. अशा गावात क्रम ठरलेला आहे. आधी बिळांत, भिंतींच्या कडेला आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी कीटकनाशक पूड टाकायची, मग उंदरांचा बंदोबस्त करायचा.

मग पिंजरा कशासाठी? साथरोगाच्या कामात पिंजरा हा तापमापकासारखा असतो. गावातले उंदीर संपवणे हा त्याचा हेतू नसतो. उंदरांच्या अंगावर किती पिसवा आहेत आणि त्यांच्या रक्तात प्लेगची खूण आहे का, हे त्यातून कळते. त्यासाठी उंदीर जिवंतच हवा. चापात मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा सकाळपर्यंत निघून गेलेल्या असतात.

उंदीर पकडायचा तर त्याची वाट ओळखावी लागते. तो मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत चालतो. भिंतीच्या कडेला दिसणारा काळपट तेलकट पट्टा, ताज्या लेंड्या आणि कुरतडलेली पोती या त्याच्या खुणा. पिंजरा भिंतीला लागून, तोंड वाटेकडे करून ठेवतात. उत्तर अमेरिकेतील शिकारीही हेच तत्त्व वापरतात. तेथे मस्करॅट नावाचा पाणउंदीर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याखाली पोहतो. बर्फाच्या खालच्या बाजूला अडकलेल्या बुडबुड्यांची रांग पाहून शिकारी त्याची वाट ओळखतात आणि बिळाच्या तोंडाशी सापळा लावतात.

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पिंजरा दोन-तीन रात्री दार न लावता, आत खाऊ ठेवून तसाच राहू देतात. तेल लावलेली भाकरी, भजे, शेंगदाणे किंवा सुका बोंबील, जे त्या घरात नेहमी मिळते ते चालते. मग एका संध्याकाळी खटका लावतात आणि भल्या पहाटे पिंजरा उचलतात. कधी आत लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री सापडते. ती उंदराच्या कुळातली नाही, किडे खाते, पण तिच्या अंगावरही उंदरांच्या पिसवा असू शकतात. त्यामुळे तिचीही नोंद होते.

पुढचे काम प्रशिक्षित माणसांचे. सापडलेला उंदीर पिंजऱ्यासह कापडी पिशवीत बांधून नेतात. त्याला बेशुद्ध करून पांढऱ्या ताटात विंचरतात आणि पडलेल्या पिसवा मोजतात. २५ उंदरांवर ५० पिसवा निघाल्या तर पिसू निर्देशांक २ झाला. यांत झेनोप्सिला चिओपिस या जातीकडे खास लक्ष असते, कारण प्लेग पसरवण्यात ती सर्वांत तरबेज. तिचा निर्देशांक एकाच्या वर गेला तर तो धोक्याचा इशारा मानतात. शेतात आणि माळावर राहणारे जर्बिल जातीचे उंदीरही तपासतात. प्लेगचा जीवाणू त्यांच्यात माणसाच्या नकळत वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो. तेथून तो घरातल्या काळ्या उंदरात आला की धोका दारात येतो.

उघड्या हाताने उंदीर धरणे हा धोका केवळ प्लेगपुरता नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९६८ मध्ये मस्करॅट हाताळणाऱ्या ४७ जणांना टुलरेमिया हा जीवाणूजन्य आजार झाला होता. कातडे सोलताना हातावरची बारीकशी जखमही अशा जीवाणूंना पुरते.

बीडसाठी या सगळ्याला आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील असंख्य ऊसतोड कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. घर काही महिने बंद राहते. बंद घरात धान्य उघडे राहिले तर १९९४ च्या आधी जे घडले त्याचीच छोटी आवृत्ती तयार होते. जाताना धान्य पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकून ठेवावे, पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नयेत, बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंटने बुजवावीत. परतल्यावर दारे-खिडक्या उघडून आधी झाडलोट करावी. लहान मुलांना लगेच जमिनीवर निजवू नये.

एखादा उंदीर पिंजऱ्यात सापडला किंवा मांजराने मारला तर घाबरण्याचे कारण नाही. पण कोणी विष घातलेले नसताना एकामागून एक उंदीर मरून पडू लागले तर ती साधी गोष्ट नाही. मेलेला उंदीर हाताने उचलू नये आणि शेपटी धरून उकिरड्यावरही फेकू नये. जागा सोडून आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे. पिसवा चावल्यानंतर आठवडाभरात थंडी वाजून ताप आला, जांघेत किंवा काखेत गाठ आली तर डॉक्टरांना पिसवांचे आणि मेलेल्या उंदरांचे आवर्जून सांगावे. उपचार न झालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावू शकतात. वेळेवर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक मिळाले तर बहुतेक बरे होतात.

मामल्यात आधी पिसवा वाढल्या, उंदीर मेले आणि मग माणसे आजारी पडली. मधले ते दोन-तीन आठवडे हीच सावध होण्याची वेळ असते. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, घरात मरून पडलेल्या उंदराकडे दुर्लक्ष न करणारे डोळे लागतात.