गोळीची वेळ आणि घरातला एकच फोन



आज बोलूया सिकलसेल असलेल्या आपल्या मुलामुलींच्या रोजच्या गोळीबद्दल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, छाती, पोट असह्य दुखतं. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तपासणीत आजार कळला, की पुढचं काम घरातलं असतं.

डॉक्टर बऱ्याच मुलांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. दुखायला लागल्यावर घ्यायचं हे औषध नव्हे. ते रोज घेतलं तर काही महिन्यांत दुखण्याचे झटके कमी होतात. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आज बरं वाटत असतं, मग तो म्हणतो, "कशाला गोळी?" आई रोज मागे लागते आणि रोज वाद होतो.

ही आठवण फोनला करू द्या. औषधाची आठवण देणारी ॲप मिळतात. वेळ झाली की ती वाजतात, आणि गोळी घेतली की तशी खूण करता येते. ॲप नको असेल तर फोनमधलं घड्याळाचं अलार्म पुरे; त्याला नेट लागत नाही. वेळ मुलालाच ठरवू द्या, अलार्मही त्यालाच लावू द्या. मग तो त्याचा अलार्म होतो, आईची कटकट राहत नाही.

आपल्याकडे पुष्कळ घरांत फोन एकच, तोही दिवसभर बाबांच्या खिशात. म्हणून वेळ रात्रीच्या जेवणानंतरची धरा. अलार्मवर आजाराचं नाव लिहू नका. "पाणी पी" एवढंच लिहा. चारचौघांत फोन वाजला तरी मुलीला संकोच वाटणार नाही. मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षिकाबाईंना भेटून गोळीची वेळ सांगून ठेवा.

दुसरा अलार्म गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीचा लावा, म्हणजे औषधात खंड पडणार नाही. तिसरा रक्ततपासणीच्या तारखेचा. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ती तपासणी चुकवायची नाही. एखादा दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर अलार्मची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

एक मात्र लक्षात ठेवा. फोनवर "घेतली" अशी खूण केली म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो, की आठवड्यातून एकदा मुलासोबत बसून पाकिटातल्या गोळ्या मोजा. कमी-जास्त निघाल्या तर रागावू नका. का राहिली ते विचारा. मळमळ होते का? मैत्रिणी चिडवतात का? ते कारण आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. फोन वेळ सांगेल. कारण मात्र आपल्यालाच विचारावं लागेल.