पैजेचा वार्षिक ताळेबंद



"दर आठवड्यास नेमकी रक्कम लावावयाची, टिपण ठेवावयाचें, मग वर्षाकांठीं चार पैसे सुटावयास काय हरकत आहे?" हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. विचारणारा स्वतःस जुगारी समजत नाहीं; तो हिशेबी असतो. म्हणून त्यास नीतीचा उपदेश न करतां हिशेबानेंच उत्तर देणें योग्य होय.

आपल्या नाशकांत शर्यतींचें मैदान नाहीं; परंतु हिवाळ्यांत मुंबईचें महालक्ष्मी व पावसाळ्यांत पुणें, हीं दोन्हीं आपणांस कांहीं दूर नाहींत. घोड्यांच्या शर्यतींत कौशल्यास प्राधान्य असतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. परवाना असलेल्या मैदानावरील पैज म्हणूनच कायद्यास मान्य आहे. क्रिकेटच्या सामन्यावरील सट्टा मात्र गुन्हा ठरतो, आणि पैशाचे ऑनलाइन खेळ २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें निषिद्ध झाले आहेत. तेव्हां आज आपण कायदेशीर पैजेचाच हिशेब मांडूं.

मैदानावर टोट म्हणून जी सामाईक पैज चालते, तींत सर्वांचे पैसे एका राशींत जमतात. त्यांतून चालकांचा वाटा व कर वजा होऊन उरलेली रक्कम जिंकणारांत वांटली जाते. समजा, शेंकडा २० रुपये वजा झाले, तर शंभरांतले ८० परत येतात. ज्यानें वर्षभरांत ४० वेळां पांचशें रुपये लावले, त्याचे वीस हजार फिरले आणि सरासरीनें चार हजार गेले. केवळ बरोबरी साधावयाची, तरी त्याची निवड इतरांपेक्षां पाव हिश्शानें सरस हवी. आणि उलाढालीवर शेंकडा ५ नफा हवा असेल, तर सुमारें ३१ टक्क्यांनीं सरस. ज्यांच्याशीं ही स्पर्धा, त्यांतले कित्येक तबेल्याशीं नित्य संबंध असलेले असतात, हें विसरूं नये.

तरीहि एखादा असा निघाला असें धरूं, कीं ज्याला सर्व वजावट जाऊन शेंकडा ३ नफा उरतो. त्याचें भांडवल एक लाख. दर पैजेस तो भांडवलाच्या शतांशाएवढे, म्हणजे हजारच रुपये लावतो, आणि पैजा एकास एक भावाच्या. वर्षांत २०० पैजा, त्यांपैकीं १०३ जिंकल्या, ९७ हरल्या. नफा सहा हजार. म्हणजे इतकें दुर्मिळ कौशल्य व वर्षभराची दगदग खर्चून भांडवलावर सहा टक्के! तेहि निश्चित नाहींत. २०० पैजांत दैवाचा चढउतार सुमारें चौदा हजारांचा असतो. त्यामुळें कौशल्य अबाधित असूनहि सरासरीनें तीन वर्षांपैकीं एक वर्ष तोट्याचें जावयाचें.

आतां सरकारचा हिशेब पाहा. शर्यतींतील जिंकलेल्या रकमेवर शेंकडा ३० प्राप्तिकर आहे, आणि हरलेल्या पैजा त्यांतून वजा करतां येत नाहींत. आपल्या गृहस्थानें १०३ वेळां हजार मिळविले. त्यावर कर ३०,९०० रुपये. नफा ६,०००! ताळेबंदाच्या शेवटीं २४,९०० रुपयांची तूट उरते. शिवाय लावलेल्या पूर्ण रकमेवर वस्तु व सेवा कर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

"मग भांडवलाची शिस्त व्यर्थच काय?" असें कोणी विचारील. व्यर्थ नाहीं, पण तिचें काम निराळें आहे. अर्धें भांडवल गेलें, तर पूर्ववत् होण्यास उरलेलें दुप्पट करावें लागतें, म्हणून एका पैजेवर थोडेंच लावावें, हें खरें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतल्या जॉन केली या शास्त्रज्ञानें १९५६ सालीं रक्कम ठरविण्याचें एक सूत्र दिलें: जितकी सरशी अधिक, तितका भांडवलाचा हिस्सा मोठा. परंतु सरशीच नसेल, तर त्या सूत्राचें उत्तर शून्य येतें. शिस्त नुकसानाची गति मंद करते; त्याची दिशा बदलीत नाहीं.

उलट हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याची युक्ति पाहा. शंभरापासून आरंभ करून दहा वेळां ओळीनें हरल्यास १,०२,३०० रुपये गेलेले असतात, आणि अकराव्या वेळीं १,०२,४०० लावावे लागतात. हें सर्व कशासाठीं? अखेर शंभर रुपये मिळावे म्हणून!

महाभारतांतील नळराजाची कथा आपण जाणतांच. द्यूतांत राज्य गमावलेला नळ अश्वविद्येंत निष्णात होता. पण त्या विद्येनें राज्य परत मिळालें नाहीं. बेहड्याच्या झाडावरील पानें व फळें क्षणांत मोजणाऱ्या ऋतुपर्णास त्यानें आपली अश्वविद्या दिली, आणि त्याजकडून अक्षविद्या घेतली, तेव्हां कोठें पारडें फिरलें. घोडा ओळखणें निराळें व मोजणें निराळें.

म्हणून शर्यत पाहण्याची हौस ज्यास असेल, त्यानें नाटकाच्या तिकिटाप्रमाणें गेलेच असें समजून वर्षाची एक लहान रक्कम ठरवावी, ती संपली कीं थांबावें, आणि मुलांच्या शिक्षणाच्या वा आजारपणाच्या पैशास हात लावूं नये. वर्षअखेर कांहीं उरलें, तर तें दैवाचें देणें मानावें. उत्पन्न मानूं नये. १९२८ पासून नाशिकरोडच्या छापखान्यांत नोटा छापल्या जातात. त्याखेरीज नोटा वाढविण्याची दुसरी सोपी युक्ति आपल्या गांवास अजून तरी सांपडलेली नाहीं!