पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण : आठपट की दहापट?

मेळघाटच्या सागवनात दिवसाउजेडी फांदीवर एक छोटे घुबड बसलेले दिसले. ते आपल्या गावातला नेहमीचा पिंगळा असेल, की दुर्मिळ रानपिंगळा? हा प्रश्न क्षुल्लक नाही. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे रानपिंगळ्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. पुढे मेळघाटातही तो सापडला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. तेव्हा ठिपके खरोखरच नाहीत, की ते असूनही आपल्याला दिसत नाहीत, याचा निवाडा दुर्बिणीने करायचा असतो.

दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा विशालनाचा, म्हणजे वस्तू आठपट जवळ भासते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो.

आता थोडे गणित करू. आपला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक कोन ओळखू शकतो. समजा ठिपका २ मिलिमीटरचा आहे. नुसत्या डोळ्यांना तो सुमारे ७ मीटरवरून दिसेल. आठपट दुर्बिणीतून ५६ मीटरवरून, तर दहापटीतून ७० मीटरवरून. मग दहापटच घ्यावी, नाही का?

थांबा! दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही दहापट करते. त्यामुळे कागदावरचे ७० मीटर प्रत्यक्षात हाती लागतीलच असे नाही. शिवाय विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र सामान्यतः आकुंचते. १०० मीटरवर साडेसात अंशांच्या क्षेत्रात १३ मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर सहा अंशांत साडेदहा मीटरचाच. फांद्यांच्या गर्दीत पक्षी शोधताना हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८ × ३० मध्ये ती ३.७५, १० × ४२ मध्ये ४.२ आणि ८ × ४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर असते. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली २–३ मिलिमीटर एवढीच उघडी असते. जास्तीचा प्रकाश वाया जातो, म्हणून तिन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. पण पहाटे गर्द झाडीत तरुणांची बाहुली ६–७ मिलिमीटरपर्यंत रुंदावते. तेव्हा ८ × ४२ चा झोत उपयोगी पडतो. ४२ मिलिमीटरचे भिंग ३० च्या जवळजवळ दुप्पट प्रकाश गोळा करते, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

मग ५० मिलिमीटरचे भिंग का नको? कारण वजन! ८ × ३० ची दुर्बीण साधारण अर्धा किलो भरते, १० × ५० ची किलोच्या आसपास. नरनाळ्याचा गड चढताना हा फरक मानेला कळतो.

अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा जलाशयावर मात्र चित्र पालटते. तेथे हिवाळ्यात बदके दूर पाण्यावर असतात, उजेड भरपूर असतो आणि मोकळ्यावर दृष्टिक्षेत्राची अडचण कमी. कोपरे टेकवून बसले तर दहापट दुर्बीण सरस ठरते. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दुपारी जमिनीवरची तापलेली हवा थरथरते, आणि दहापट दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते.

सारांश, सर्वगुणसंपन्न दुर्बीण नाही. शाळेला एकच घ्यायची असेल, तर जंगल व तलाव दोन्हीकडे चालणारी ८ × ४२ किंवा ८ × ४० बरी. दिवसभर पायपीट करणाऱ्या लहान मुलांना ८ × ३० सोयीची.

खरेदीपूर्वी एक प्रयोग करा. दुर्बीण हातभर अंतरावर धरून आकाशाकडे रोखा. सूर्याकडे मात्र कधीही नाही! नेत्रभिंगात उजेडाचे वर्तुळ दिसेल. ते पूर्ण गोल आहे का पाहा आणि पट्टीने मोजा. भागाकाराचे उत्तर जुळते का?