छोटा कूलर खरोखर थंडावा देतो काय?

मेजाच्या कोपऱ्यावर मावेल एवढा एक डबा, आत तळहाताएवढा पंखा, पंख्यासमोर कागदाच्या किंवा कापडाच्या काही ओल्या पट्ट्या आणि अर्धा-पाऊण लिटर पाण्याची टाकी. उन्हाळा लागला की या वस्तूच्या जाहिराती सर्वत्र दिसू लागतात, आणि सबंध खोली काही मिनिटांत गार होईल असे आश्वासन त्यांत बहुधा असते. विकत घेणाऱ्यांची मते मात्र दोन टोकांची आढळतात. कोणी म्हणतो, ही निव्वळ फसवणूक आहे. कोणी म्हणतो, दुपारी अभ्यासाला बसताना याच्याइतका सोबती नाही. हे दोघेही खरे बोलत असणे शक्य आहे. कारण ‘कूलर चालतो काय?’ हा वरवर एक दिसणारा प्रश्न वस्तुतः तीन प्रश्नांचा मिळून झाला आहे. कूलरच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा गार होते काय, त्यामुळे खोली गार होते काय, आणि समोर बसलेल्या माणसाच्या शरीरातील उष्णता बाहेर पडणे सुकर होते काय? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती शाळेत सहज मिळणाऱ्या साधनांनी शोधून काढता येतात.

यंत्र नवे असले तरी त्यामागील तत्त्व आपल्या घरात फार जुने आहे. माठातील पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून बाहेर येते, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता माठातून घेतली जात असल्यामुळे आतले पाणी गार होते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दारे-खिडक्या झाकण्याची पद्धत मोगल काळापासून चालत आली आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील इंग्रजांनी त्याच ताट्या एका मोठ्या लाकडी पेटीला बसवून आत हाताने फिरवायचा पंखा ठेवला आणि त्या यंत्राला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. आजचा डेझर्ट कूलर हा त्याचाच वंशज होय. पंखा फिरविणाऱ्या नोकराची जागा विजेने घेतली, एवढाच काय तो फरक.

बाष्पीभवनाने किती थंडी उत्पन्न होऊ शकते याचा एक नाट्यमय प्रयोग १७५८ साली केंब्रिज येथे झाला. बेंजामिन फ्रँकलिन आणि तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन हॅडली यांनी तापमापकाचा फुगा ईथरने वारंवार भिजवून त्यावर भात्याने वारा घातला. खोलीचे तापमान सुमारे १८ अंश सेल्सिअस होते. तापमापकातील पारा मात्र उतरत उतरत शून्याखाली सुमारे १४ अंशांपर्यंत गेला आणि फुग्यावर बर्फाचा थर जमला. पुढे थोड्याच वर्षांत ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी या उष्णतेचे मोजमाप सुरू केले आणि ती तापमापकाला दिसत नाही म्हणून तिला ‘सुप्त उष्णता’ म्हटले.

या सुप्त उष्णतेचा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उन्हाळ्याच्या नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. विजेच्या मापात सांगायचे तर एक लिटर पाणी पूर्णपणे उडून गेले म्हणजे सुमारे ६७५ वॅट-तास उष्णता हवेतून काढून घेतली जाते. यावरून कूलर तपासण्याची सर्वांत सोपी रीत आपल्या हाती येते, आणि तिला तापमापकाचीही गरज नाही. पाण्याने भरलेला कूलर स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून त्याचे वजन घ्यावे, तासभर चालवावा, पुन्हा वजन घ्यावे. जेवढे ग्रॅम घटले त्यांच्या दोन-तृतीयांश एवढे वॅट, ही त्या कूलरची थंड करण्याची शक्ती. काही कूलर पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवितात आणि त्यांतील थोडे मेजावरच पडतात. तेवढ्यापुरता हा आकडा किंचित जास्त येईल, कमी मात्र येणार नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. ६०० मिलिलिटरची टाकी सहा तास पुरते असे धरू. म्हणजे तासाला १०० ग्रॅम पाणी उडते आणि शक्ती भरते सुमारे ६७ वॅट. हा आकडा लहान की मोठा? स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य आपल्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. तेव्हा खोलीत कूलरसमोर एकच माणूस बसला असला, तरी त्या माणसाने ओतलेली उष्णताही हा कूलर पुरती फेडू शकत नाही. भिंती आणि छपरातून येणारी उन्हाची उष्णता तर वेगळीच. ज्याला बाजारात एक टनाचे वातानुकूलन यंत्र म्हणतात ते सुमारे ३,५०० वॅट उष्णता घराबाहेर नेऊन टाकते. तेवढे काम केवळ पाणी उडवून करावयाचे तर तासाला पाच लिटरांहून अधिक पाणी लागेल. खिडकीतील मोठा डेझर्ट कूलर दिवसभरात बादल्यांमागून बादल्या का पितो, हे यावरून उमगेल. टाकीचा आकार पाहूनच यंत्राची कुवत पुष्कळशी ओळखता येते. जाहिरातीतील चित्र पाहण्याआधी टाकी पाहावी.

मग तोंडाशी हात धरला असता एवढे गार का लागते? कारण हवा थोडी आहे. असा कूलर तासाला ३० घनमीटर हवा फेकतो असे समजू. तेवढ्याच हवेतून ६७ वॅट उष्णता काढली तर ती सुमारे सात अंशांनी खाली उतरते. सात अंश म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. पण ३० घनमीटर तासाला म्हणजे मिनिटाला अर्धा घनमीटर. छताचा चांगला पंखा मिनिटाला सुमारे २०० घनमीटर हवा हलवितो. ही बारीक गार धार हात-दोन हातांवर खोलीतील उष्ण हवेत मिसळून जाते, आणि डोक्यावर पंखा फिरत असेल तर त्याही आधी.

तोंडाशी तापमान किती उतरावे याला निसर्गानेही एक मर्यादा घालून दिली आहे. ती आर्द्र फुग्याच्या तापमापकाने कळते आणि तो वर्गात तयार करता येतो. दोन सारखे तापमापक घ्यावेत (पाऱ्याऐवजी रंगीत अल्कोहोलचे बरे) आणि प्रथम एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून दोन्ही सारखेच अंश दाखवितात ना, हे पाहावे. मग एकाच्या फुग्याला स्वच्छ धुतलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोघांवर पंख्याचा वारा घालावा. पाच-सात मिनिटांत ओल्या फुग्याचा आकडा खाली येऊन स्थिर होतो. केवळ पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कोणताही साधा कूलर, मग तो हजाराचा असो वा पन्नास हजारांचा, हवेला या आकड्याखाली नेऊ शकत नाही.

नागपूरला मे महिन्याच्या दुपारी कोरडा तापमापक ४३ अंश दाखवीत असून सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचा आकडा २५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे उतरायला अठरा अंशांची जागा आहे. कूलरच्या तोंडाशी ३४ अंश भरले, तर अठरांपैकी नऊ अंश साधले. त्या कूलरची कार्यक्षमता पन्नास टक्के झाली. आता तोच डबा मुंबईला किंवा चेन्नईला न्यावा. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ओला फुगा २८ अंशांच्या वरच थांबतो. उतरायला जागा आहे ती साडेचार अंशांची, आणि पन्नास टक्के कार्यक्षमतेने हाती लागणार दोन-सव्वादोन. यंत्र तेच, खरेदीची पावतीही तीच, हवा निराळी. दिल्लीकरांना तर यासाठी प्रवासही करावा लागत नाही. मे महिन्यातील लूच्या दिवसांत देवासारखा धावून येणारा कूलर पावसाळा सुरू होताच घरात नुसती चिकचिक वाढवितो, हा तेथील घरोघरीचा अनुभव आहे.

प्रयोग करताना काही ठिकाणी फसगत होण्याचा संभव आहे. तापमापक कूलरच्या तोंडाशी अगदी टेकवून ठेवला आणि त्यावर तुषार बसले, तर तो हवेचे तापमान न दाखविता स्वतःच आर्द्र फुग्याचा तापमापक बनतो आणि प्रत्यक्षाहून कितीतरी कमी आकडा सांगतो. विक्रीच्या प्रात्यक्षिकांत दिसणारे विलक्षण आकडे पुष्कळदा असेच निपजतात. तापमापक वीतभर दूर धरावा आणि त्याचा फुगा कोरडा आहे ना, हे दर खेपेला बोटाने पाहावे. टाकीत बर्फ घालून पहिली दहा मिनिटे मोजणे हाही असाच एक चकवा. २०० ग्रॅम बर्फ वितळून त्याचे पाणी २५ अंशांपर्यंत तापेतो सुमारे २४ वॅट-तास उष्णता शोषते, म्हणजे तासभर २४ वॅट. आणि तो बर्फ घरच्याच शीतकपाटात केला असेल तर त्याहून अधिक उष्णता त्या कपाटाने मागच्या बाजूने आधीच घरात सोडलेली असते. काही डब्यांत तर पाणीच नसते. विजेच्या प्रवाहाने एक बाजू गार व दुसरी गरम करणारी चकती असते. जाँ पेल्तिये यांनी १८३४ साली दाखविलेला हा परिणाम खरा आहे. पण गरम बाजू त्याच खोलीत उघडी ठेवून खोली गार होण्याची अपेक्षा बाळगणे म्हणजे या खिशातला पैसा त्या खिशात टाकून श्रीमंत होणे होय.

परंतु सर्वांत मोठी फसगत आपल्या त्वचेची होते. वारा लागला की घाम उडतो आणि गार वाटते. त्यात ओल्या पट्ट्यांचा वाटा किती आणि नुसत्या पंख्याचा किती, हे अंगाला कळत नाही. म्हणून कूलर एकदा पट्ट्या पूर्ण कोरड्या ठेवून आणि एकदा भिजवून, असा दोन्ही प्रकारे चालविला पाहिजे. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधावेत, दुसऱ्याने नाणे उडवून कोरडी की ओली हे ठरवावे आणि पहिल्याने केवळ वाऱ्यावरून ओळखावे. दहा खेपांपैकी नऊ वा अधिक वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक असते. तेव्हा नऊ उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर जाणवतो, असे म्हणावयास हरकत नाही. हाच प्रयोग प्रथम अर्ध्या मीटरवर आणि मग दोन मीटरवर करावा, म्हणजे यंत्राचे राज्य कोठपर्यंत आहे त्याची सीमा आखता येईल.

खोलीसाठी तापमापक मध्यभागी, कूलरच्या झोतापासून दूर टांगावा आणि दुसरा बाहेर सावलीत. दारे-खिडक्या लावून दोन तास नोंदी घ्याव्यात. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खोलीतील उष्णता कूलर नाहीशी करीत नाही. ती वाफेत दडवितो आणि ती वाफ त्याच खोलीत राहते. ३५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४० ग्रॅम बाष्प मावते. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत ते सुमारे १,०८० ग्रॅम होईल. कूलरने तीन तासांत ३०० ग्रॅम पाणी उडविले आणि भिंतींच्या उष्णतेमुळे तापमान होते तेवढेच राहिले, तर ३० टक्क्यांवरची आर्द्रता ५८ टक्क्यांच्या घरात जाते. अशा हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकणे हाच तर आपल्या शरीराचा स्वतःचा कूलर आहे. म्हणून कूलर, लहान असो वा मोठा, उघड्या खिडकीशी असावा आणि समोरच्या बाजूने दमट हवेला बाहेर पडण्यास वाट असावी. जुने लोक ताट्या वाऱ्याच्या बाजूच्या दारालाच लावीत, ते काही उगीच नव्हे.

हा विषय केवळ पैशांच्या हिशेबाचा नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात तेथे नेहमीच्या मानाने १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेच्या लाटेशी सामना करण्याची योजना आखली. अशा दिवसांत सर्वांत आधी संकटात सापडतात ती वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले. पत्र्याच्या छपराखालच्या बंद खोलीत आजोबांच्या खाटेशी हा डबा लावून घरातील मंडळी निर्धास्तपणे कामाला गेली, तर ६७ वॅटांच्या भरवशावर एक जीव सोपविल्यासारखे होईल. नुसत्या पंख्यालाही मर्यादा आहे. हवेचे तापमान ४० अंशांपेक्षा कमी असेल तेव्हाच पंखा वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यापुढे उष्ण हवेचा झोत शरीराला तापवू लागतो. अशा वेळी त्वचेवर ओले फडके, वारंवार पाणी पिणे आणि घरातील सर्वांत थंड जागी हलणे यांचा उपयोग अधिक होतो. ओल्या फडक्याचे बाष्पीभवन तर थेट अंगावरच होते. मध्ये डबा नको की तार नको.

कोरड्या प्रदेशात, एकाच माणसाने, हातभर अंतरावर तोंडासमोर ठेवून वापरला तर हा छोटा कूलर आपले काम प्रामाणिकपणे करतो. जोधपूर किंवा अकोल्याच्या विद्यार्थ्याला एप्रिलच्या दुपारी पुस्तकावर वाकलेले असताना सात-आठ अंशांनी उतरलेली ती झुळूक सुखाचीच वाटेल. त्याने एवढे मात्र करावे की आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साचलेले स्वच्छ पाणी आणि आठ-दहा दिवस पुरतात.

ज्या शाळांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी तो एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये पुन्हा एकदा करावा. नोंदवहीत प्रत्येक खेपेस दिनांक, वेळ, कोरडा व ओला फुगा, कूलरच्या तोंडाशी असलेले तापमान, खोलीच्या मध्यावरील तापमान आणि तासाभरात घटलेले वजन एवढे सहा रकाने पुरेत.